बिशपसाहेबांची त्रैराशिकं

एक मंडप आहे. रुंदी १८ फूट. त्याच्या दाराशी ६,०३,५५० पुरुषांनी जमायचं आहे. एका माणसाला उभं राहायला दोन फूट रुंदी लागते आणि एका ओळीपासून दुसरी ओळ दीड फुटावर. तर शेवटचा माणूस दारापासून किती लांब असेल?

सातवीच्या मुलालाही सुटेल असं गणित आहे. एका ओळीत नऊ जण, ओळी ६७,०६२, आणि लांबी लाख फुटांच्या वर, म्हणजे १९ मैल. आमच्या नगरच्या माळीवाड्यापासून लोक उभे करत गेलो तर शेपूट राहुरीच्या थोडं अलीकडे जाऊन संपेल. दाराशी काय चाललंय ते त्या शेपटाकडच्या माणसाला दिसणार नाही, ऐकूही येणार नाही.

हे गणित कुणा नास्तिकाच्या चोपड्यातलं नाही. लेवीय पुस्तकाच्या आठव्या अध्यायात परमेश्वर मोशेला सांगतो की सगळ्या मंडळीला दर्शनमंडपाच्या दाराशी जमव. पुरुषांचा आकडा गणना या पुस्तकातला. दोन्ही शेजारी मांडून उत्तर काढलं ते चर्च ऑफ इंग्लंडच्या एका बिशपने, १८६२ साली. जॉन विल्यम कोलेन्सो हे त्याचं नाव, आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळचा नाताळ प्रांत हे त्याचं कार्यक्षेत्र. त्या एका पुस्तकाने इंग्लंडातल्या चर्चमध्ये एवढी खळबळ उडाली की तिचे पडसाद पुढे वीस वर्षं विरले नाहीत.

माझी आणि कोलेन्सोची ओळख बायबलमधून झाली नाही, अंकगणितातून झाली. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या ट्रंकेत, त्यांच्याही आधीच्या पिढीकडून आलेलं, पाठीचा पुठ्ठा सुटलेलं एक इंग्रजी अंकगणित होतं. व्याज, भागीदारी, हौदाचे नळ, सगळं त्यात होतं. लेखकाचं नाव कोलेन्सो. ब्रिटिश साम्राज्यात जिथे जिथे शाळा होती तिथे तिथे हे पुस्तक पोचलेलं होतं. पुढे मीही गणितच शिकवलं. चर्चचा इतिहास वाचायला लागले ती निवृत्तीनंतर, आणि तिथे पाखंडी म्हणून खटला चाललेल्या बिशपचं नाव पाहून क्षणभर थबकले. तोच हा. हौदाच्या नळांवरून माणूस मोशेच्या मंडपापर्यंत कसा पोचला, याचं मला भारी कुतूहल वाटलं.

कोलेन्सो १८१४ साली कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेल गावी जन्मला. घरची गरिबी. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून १८३६ मध्ये गणितात दुसरा आला. हॅरोच्या नामांकित शाळेत शिकवू लागला, तिथे आग लागून कर्जात बुडाला, आणि ते कर्ज फेडलं पाठ्यपुस्तकांनी. बीजगणित १८४१ साली, अंकगणित १८४३ साली. पुढे नॉरफोकमधल्या एका खेड्यात पाळक झाला आणि १८५३ मध्ये त्याला नाताळचा पहिला बिशप नेमलं. तिथे पीटरमारित्झबर्ग शहराच्या बाहेर काही मैलांवर त्याने एकुखान्येनी नावाचं मिशन वसवलं. शाळा, शेती, छापखाना. स्वतः झुलू शिकला, झुलूचं व्याकरण लिहिलं, १८६१ साली शब्दकोश काढला. त्याच्या छापखान्यात मागेमा फुझे नावाचा पोरगा खिळे जुळवायला शिकला. झुलू माणसाने झुलूत लिहिलेलं पहिलं पुस्तक १९२२ साली निघालं, ते या फुझेचं.

फुझेहून वयाने मोठा विल्यम न्गिदी. बायबलच्या झुलू भाषांतरात तो बिशपच्या शेजारी बसत असे. बिशप मूळ अर्थ सांगायचा, न्गिदी तो झुलूत नीट बसतो का ते पाहायचा. उत्पत्तीतल्या जलप्रलयापर्यंत काम आलं तेव्हा न्गिदीने मान वर करून विचारलं की हे सगळं खरं आहे का? उष्ण देशांतले, थंड देशांतले, लहानमोठे सगळे पशू, पक्षी, सरपटणारे जीव जोडीजोडीने चालत आले आणि तारवात शिरले, असं तुम्ही खरंच मानता का? आणि नोहाने सगळ्यांना पुरेल एवढं खाणं साठवलं? मांस खाणाऱ्या जनावरांनासुद्धा?

हा प्रश्न काही न्गिदीचा एकट्याचा नव्हे. आमच्या संडे स्कूलमध्ये माझ्या धाकट्या भावाने विचारलं होतं की तारवात मासे घेतले होते का. उत्तर मिळालं की शास्त्रावर शंका घ्यायची नसते, आणि वर्ग संपेपर्यंत उभं राहायची शिक्षा. जगभरच्या संडे स्कूलांमध्ये असल्या प्रश्नाची बोळवण बहुधा अशीच होते.

कोलेन्सोला अशी बोळवण करता आली असती. पुढे त्याने आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत मनातली घालमेल मोकळेपणी लिहिली आहे. भूगर्भशास्त्र त्याने वाचलेलं होतं. फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यच्या ज्वालामुखी टेकड्या नोहाच्या कितीतरी आधीच्या आहेत आणि त्यांच्यावर हलका, सुटा झामा दगड अजून पडून आहे, हे त्याला माहीत होतं. जगबुडी झाली असती तर तो कधीच वाहून गेला असता. समोर बसलेला माणूस भोळा आहे, अर्धशिक्षित आहे, त्याला हो म्हणून गप्प करणं सोपं होतं. पण परमेश्वराच्या नावाने खोटं बोलणाऱ्याबद्दल जखऱ्या संदेष्ट्याने काय म्हटलंय ते त्याला आठवलं, आणि त्याने होकार दिला नाही.

दुसरा प्रसंग मला याहून मोलाचा वाटतो, जरी लोक सांगतात तो पहिलाच. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात गुलामाला मारण्याविषयी नियम आहे. धन्याने दासाला काठीने मारलं आणि तो जागीच मेला तर शिक्षा, पण एखाददोन दिवस जगून मेला तर नाही, कारण तो धन्याचंच धन आहे. हे झुलूत उतरवताना मदतीला बसलेल्या ख्रिस्ती झुलू माणसाच्या चेहऱ्यावर जी शिसारी उमटली ती आपण कधी विसरणार नाही, असं कोलेन्सो लिहितो. कृपाळू म्हणून ज्या देवाची ओळख करून दिली, तोच एका माणसाला दुसऱ्याचा पैसा म्हणतो, हे त्या माणसाला पटेना. तारवाचा प्रश्न बुद्धीचा होता. हा पोटातून आलेला होता.

मग बिशपने पाटी-पेन्सिल घेतली. मोशेची पाच पुस्तकं आणि यहोशवा यांची चिकित्सा त्याने सात भागांत प्रसिद्ध केली. पहिला भाग १८६२ साली, शेवटचा १८७९ साली. गाजला तो पहिलाच, आणि तो जवळजवळ संपूर्ण गणिताचा आहे. मंडपाच्या अंगणाचं क्षेत्रफळ काढून त्याने दाखवलं की तिथे दाटीवाटीने पाच हजार माणसं उभी राहतील, सहा लाख नाही. बायकामुलं धरून वीस लाखांचा तो तळ केवढा पसरला असेल, आणि बलीच्या बैलाचं कातडं, मांस, शेण स्वतः याजकाने तळाबाहेर न्यायचं तर त्याला किती मैल चालावं लागेल, हेही मोजलं. याजक तीनच, अहरोन आणि त्याचे दोन मुलगे एलाजार आणि इथामार. एवढ्या लोकवस्तीत रोज किती बाळं जन्मतील याचा हिशेब मांडला. दर बाळंतिणीमागे पापार्पणाचा एक पारवा, म्हणजे दिवसाला २६४ पारवे. ते याजकांनीच पवित्र जागी खायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला रोज ८८. प्रथम जन्मलेल्या मुलग्यांचा आकडा गणनेत २२,२७३ दिलाय. एकूण पुरुषसंख्येला त्याने भागलं तर एकेका आईला सरासरी चाळिसांहून अधिक मुलगे होतात. याकोबाबरोबर मिसरात गेलेली सत्तर माणसं चार पिढ्यांत वीस लाख कशी झाली, हाही एक हिशेब आहे.

वाचताना हसू येतं, आणि ते लोकांना तेव्हाही आलं. मॅथ्यू आर्नल्डने १८६३ च्या जानेवारीत एका मासिकात कोलेन्सोची सालटी काढली. तीन याजकांना इतके पारवे तर एकाला किती, असल्या शाळकरी उदाहरणांतून धर्माची चर्चा व्हायची काय, असा त्याचा सूर. आर्नल्डचा तिरकसपणा मला फारसा आवडत नाही. शाळकरी उदाहरणांना हसणाऱ्यांना ती बहुतेक वेळा सोडवता येत नसतात.

पण उत्तर द्यायला उभ्या राहिलेल्या सनातन्यांचं जे झालं ते आर्नल्डच्या टोमण्यापेक्षा अधिक बघण्यासारखं आहे. अक्षर न् अक्षर खरं आहे, हा त्यांचा दावा. मंडपाचं गणित सुटेना तेव्हा ते म्हणाले, सगळी मंडळी याचा अर्थ सगळी मंडळी नव्हे, त्यांचे वडीलजन, प्रतिनिधी. याजकाने बैल बाहेर न्यायचा म्हणजे त्याने स्वतः नव्हे, कुणाकडून तरी न्यायला लावायचा. शब्दशः अर्थ वाचवण्यासाठी त्यांनी शब्दाचा अर्थच सोडून दिला. कोलेन्सोला हे आधीच दिसलं होतं. सगळी मंडळी म्हणजे पोराबाळांसकट सगळी, हे त्याच पुस्तकांतल्या वचनांवरून त्याने दाखवून ठेवलं होतं.

इथे थोडं मागे जाते, कारण हा वाद १८६२ साली सुरू झाला असं पुष्कळांना वाटतं. तो चर्चइतकाच जुना आहे. दुसऱ्या शतकात अपेलिस नावाच्या एकाने अगदी कोलेन्सोसारखंच गणित घातलं होतं. तारवाची लांबी ३०० हात, रुंदी ५० हात. एवढ्यात फार तर चार हत्ती मावतील, बाकीच्या जनावरांचं काय? त्याला उत्तर दिलं अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने. हा तिसऱ्या शतकातला प्रचंड विद्वान. त्याचं म्हणणं असं की मोशे मिसरी विद्येत तरबेज होता, तेव्हा हे हात भूमितीतले हात समजायचे, साधे नव्हेत. पुढे ऑगस्टीननेही हीच वाट धरली आणि भूमितीतला एक हात म्हणजे आपले सहा हात, असं सांगून तारू ऐसपैस करून टाकलं. गणिताची बाई म्हणून सांगते, उत्तर जुळत नाही म्हणून एकक बदलणारे विद्यार्थी मी खूप पाहिलेत. त्यात संतही असतील असं वाटलं नव्हतं.

गंमत अशी की हाच ओरिजेन दुसरीकडे शब्दशः वाचणाऱ्यांची खिल्ली उडवतो. सूर्य नसताना पहिले तीन दिवस उजाडले आणि मावळले कसे? देवाने माळ्यासारखी एदेनमध्ये झाडं लावली, असं खरंच मानणारा खुळा कोण असेल? शास्त्राला जसं शरीर आहे तसा जीव आहे आणि आत्माही आहे, आणि शरीराशी अडखळायला होतं ते देवानेच मुद्दाम ठेवलंय, वाचणाऱ्याने आत शिरावं म्हणून, अशी त्याची मांडणी. ऑगस्टीनने तर उत्पत्तीच्या शब्दशः अर्थावर एक ग्रंथच लिहिला, पण त्यातले सहा दिवस त्याला चोवीस तासांचे वाटत नाहीत. आणि त्याच ग्रंथात त्याने बजावलं की ग्रहताऱ्यांविषयी बाहेरच्या माणसाला जे पक्कं ठाऊक आहे त्यावर ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावाने बरळू लागला तर फजिती शास्त्राची होते. हे पाचव्या शतकाच्या सुरुवातीचं.

अलेक्झांड्रियाच्या विरुद्ध बाजूला अंत्युखियाची शाळा होती. रूपकं फार झाली, आधी इतिहास बघा, व्याकरण बघा, असं म्हणणारी. तिच्यातला थिओडोर म्हणाला की गीतरत्न हे देव आणि मंडळी यांच्या प्रेमाचं रूपक वगैरे काही नाही, शलमोनाने मिसरी राजकन्येशी केलेल्या लग्नाचं गाणं आहे. त्याला मरून सव्वाशे वर्षं झाल्यावर ५५३ च्या परिषदेने दोषी ठरवलं. ओरिजेनवरही त्याच शतकात शिक्का बसला. रूपक काढणारा गेला आणि रूपक नाकारणाराही गेला. मधल्या काळातल्या मठांनी यातून चार अर्थांची वाट काढली; यरुशलेम म्हणजे एक शहर, आणि मंडळी, आणि माणसाचा जीव, आणि स्वर्गही, चारही एकदम खरं. मला ही वाट आवडते. कंटाळवाणी होते खरी, पण कुणाला उभं करून ठेवत नाही.

मग अक्षर न् अक्षर मोजून खरं, हा हट्ट आला कुठून? बराचसा अलीकडच्या शतकांतून. छापखाना आला, प्रत्येकाच्या हाती पुस्तक आलं, शास्त्र हेच एकमेव प्रमाण ठरलं, आणि पुस्तकाकडून दप्तरासारख्या नोंदींची अपेक्षा सुरू झाली. आयर्लंडमधल्या आर्चबिशप अशरने १६५० साली वंशावळ्या जोडून जगाच्या उत्पत्तीची तारीख काढली, इसवी सनापूर्वी ४००४, ऑक्टोबरची तेविसावी. बिचाऱ्याने विद्वत्तेने काढली होती, पण १७०१ पासून ती इंग्रजी बायबलच्या समासात छापायला लागले आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांना ती देववाणीच वाटली. कोलेन्सो लहानाचा मोठा झाला तो असल्या समासांच्या शेजारी. त्याचं अंकगणित आणि अशरचं अंकगणित एकाच घरातलं. एकाने बेरीज केली, दुसऱ्याने ती तपासली.

आपल्याकडे मुंबईत १८३० नंतर झालेल्या वादांतही हेच दिसतं. जॉन विल्सन पुराणांतल्या देवांच्या कथा शब्दशः घेऊन त्यांचं अनैतिकपण दाखवायचे. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये हिंदुधर्मस्थापना लिहून उलट मारा केला, विल्सननी पुढच्याच वर्षी प्रत्युत्तर छापलं. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. ही सगळी मंडळी बुद्धिमान होती. तरी वाद वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक जण स्वतःच्या शास्त्रात रूपक पाहतो आणि दुसऱ्याच्या शास्त्रात साक्षीदाराची जबानी.

कोलेन्सोच्या गणिताबद्दल माझी तक्रार आहे ती इथेच. त्याचं एकही उत्तर चुकलेलं नाही. पण सहा लाखांचा आकडा शिरगणतीचा नाही हे सिद्ध झाल्यावर, मग तो कशाचा, हा प्रश्न उरतो. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती सावकारी पत्र पडलं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, चांदी-तांब्याची तर गणतीच नाही, अशा आशयाचं. पेशव्यांनी जामदारखान्यात मोती शोधायला माणूस धाडला नाही. विश्वासराव गेले, भाऊ गेले, हे त्यांना वाचताक्षणी कळलं. त्या पत्रातल्या सत्तावीस मोहरांचा हिशेब जुळत नाही म्हणून पत्र खोटं ठरवणारा कारकून जेवढा बरोबर, तेवढाच पहिल्या भागातला कोलेन्सो बरोबर. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी आपण किती होतो ते सांगताना आकडा केवढा सांगितला आणि का, हे त्याने विचारलंच नाही. पुढच्या भागांत त्याने ही पुस्तकं कुठल्या काळात, कुणाकुणाच्या हातून लिहिली गेली याचा कसून शोध घेतला. हॉलंडमधल्या क्यूनेनसारख्या पंडितांनी त्याचं ऋण मानलं. ते भाग मात्र कुणी वाचले नाहीत. पारवेच लक्षात राहिले.

खटल्याची हकीकत थोडक्यात सांगते. इंग्लंडच्या बहुतेक बिशपांनी राजीनामा मागितला, याने दिला नाही. गुरुस्थानी असलेल्या मॉरिसनेही पाठ फिरवली. केपटाउनचा बिशप ग्रे याने १८६३ च्या अखेरीस नऊ आरोपांवर खटला चालवून त्याला पदच्युत केलं. कोलेन्सो हजर राहिला नाही. त्याच्या वतीने निषेध नोंदवला भाषाशास्त्रज्ञ ब्लीकने. १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की ग्रेला असा अधिकारच नव्हता, निकाल रद्द. मग ग्रेने त्याला मंडळीतून बहिष्कृत केलं आणि पुढे नाताळमध्ये दुसरा बिशप आणून बसवला. एका गावात दोन बिशप. जगभरच्या अँग्लिकन बिशपांची पहिली लॅम्बेथ परिषद १८६७ साली भरली, तिच्यामागेही हे प्रकरण होतं. या सगळ्यात शास्त्रार्थ कमी आणि पगार, मालमत्ता, अधिकारपत्रं जास्त, म्हणून पुढे जाते. लंडनच्या वर्तमानपत्रांना मात्र एक जोरदार विनोद सापडला होता, की बिशप झुलूंना बाटवायला गेला आणि झुलूनेच बिशपला बाटवलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

१८७३ मध्ये नाताळमधल्या ह्लुबी लोकांचा प्रमुख लांगालिबालेले याच्यावर बंडाचा आळ आला. त्याच्या तरुणांनी हिऱ्यांच्या खाणींत कमावलेल्या पैशांतून बंदुका घेतल्या होत्या आणि त्या नोंदवायला तो टाळाटाळ करत होता. चकमक झाली, गोरे मेले, मग सगळी जमात उधळून लावली. खटल्यात न्यायाधीश होता स्वतः गव्हर्नर पाइन, ज्याच्याविरुद्ध बंड केलं म्हणायचं तोच. आरोपीला धड वकील नाही. जन्मठेप, रॉबेन बेटावर. गोऱ्या वसाहतीत कोलेन्सोला त्या वेळी थोडेफार मित्र होते ते पारव्यांच्या गणितानंतरही टिकलेले. त्यातला सगळ्यात जवळचा, देशी खात्याचा सचिव शेपस्टोन. या खटल्यामागे शेपस्टोनच होता. कोलेन्सोने साक्षी गोळा केल्या, त्यातल्या खोट्या उघड्या पाडल्या, इंग्लंडला जाऊन वसाहतमंत्र्यासमोर प्रकरण मांडलं. पाइनला परत बोलावलं, लांगालिबालेलेला बेटावरून हलवलं. शेपस्टोनची मैत्री संपली, आणि नाताळमधल्या गोऱ्यांनी, ज्यांना त्याच्या पाखंडाची तोवर फिकीर नव्हती, त्याला वाळीत टाकलं.

पुढची गोष्ट आपल्याला जरा जवळची आहे. १८७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा हाय कमिशनर म्हणून आला सर बार्टल फ्रिअर. साताऱ्याचा रेसिडेंट आणि पुढे १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर, किल्ल्याचा तट पाडून मुंबई मोकळी करणारा तोच हा. मिशनकार्याचा खंदा पाठीराखा, भाविक माणूस. डिसेंबर १८७८ मध्ये त्याने झुलू राजा केचवायोला पाळताच येणार नाहीत अशा अटी घातल्या आणि जानेवारीत सैन्य घुसवलं. २२ जानेवारीला इसांडल्वानाच्या डोंगराखाली झुलूंनी इंग्रजांच्या बाजूचे तेराशेहून अधिक लोक कापून काढले. वसाहतीत हाहाकार उडाला. मार्चमध्ये प्रार्थनेचा आणि पश्चात्तापाचा दिवस जाहीर झाला. पीटरमारित्झबर्गच्या सेंट पीटर्समध्ये कोलेन्सो प्रवचनाला उभा राहिला. समोरच्या बाकांवर घरचे गमावलेली माणसं होती.

त्याने शास्त्रभाग घेतला मीखाच्या सहाव्या अध्यायातला. परमेश्वर तुझ्यापाशी काय मागतो? न्यायाने वाग, दयेची आवड धर, आपल्या देवाबरोबर नम्रतेने चाल. आणि मग त्याने सरळ विचारलं की या लढाईत आपण न्यायाने वागलो का? दया दाखवली का? समोरच्या लोकांना सूड हवा होता, त्यांना त्याने झुलूंच्या घरांतल्या रडणाऱ्या माणसांची आठवण करून दिली.

सहा लाखांचा आकडा खरा, पारवे खरे, तारू खरं, असं ठणकावून सांगणाऱ्या पुष्कळांनी झुलूंच्या गावांना लागलेल्या आगी बघितल्या आणि मीखाचं वचन मोघम धरलं. न्याय म्हणजे साम्राज्याचा न्याय, दया म्हणजे शेवटी त्यांना सुधारणं. आकड्यांना अक्षरशः धरणारे आज्ञेपाशी आले की रूपकात शिरत होते. आकडे सोडून देणारा कोलेन्सो आज्ञेपाशी अक्षराला चिकटून राहिला. शास्त्र शब्दशः घ्यायचं की नाही, असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी उलट विचारते की कोणतं वचन? गणनेतली शिरगणती आणि मीखाची आज्ञा यांना एकच फूटपट्टी लावू नये. न्गिदीने तारवाविषयी विचारलं तेव्हा जो माणूस खोटं बोलू शकला नाही, त्यालाच पुढे पाइनच्या न्यायालयात खोट्या साक्षी ऐकवेनात. त्याच्या गणितापेक्षा त्याचं हे सरळपण मला जास्त पटतं.

झुलूंनी त्याला सोबांतु म्हटलं, लोकांचा बाप. तो १८८३ च्या जूनमध्ये वारला. मुलींनी, विशेषतः हॅरिएटने, झुलू राजघराण्याची बाजू पुढे कितीतरी वर्षं लढवली. नाताळमधल्या एका गावाला त्याचं नाव आहे. १८९९ च्या डिसेंबरात बोअर युद्धातली लढाई तिथे झाली आणि बॅरिस्टर गांधींची भारतीय शुश्रूषा तुकडी तिथे जखमींना उचलत होती. त्या गावाचं नाव कुणावरून पडलं हे गांधीचरित्रं वाचणाऱ्यांतल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

अरारातच्या डोंगरावर तारू सापडल्याचा निरोप आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अधूनमधून येतच असतो, छायाचित्रासकट. मी उत्तर देत नाही. पण संडे स्कूल शिकवणाऱ्या तरुण मुलामुलींना एवढं सांगते की पोराने तारवातल्या माशांविषयी विचारलं तर त्याला उभं करू नका. कोलेन्सोचे सात भाग वाचायची कुणाला गरज नाही, गणितं मी वर सोडवून दिली आहेत. मार्च १८७९ चं ते प्रवचन मात्र छापलेलं आहे, ते मिळवून वाचा.